रिव्हरडेलचा मूस ढ का?

गेल्या वर्षी एका शाळेच्या विज्ञान मंडळाने प्रश्नमंजूषा ठेवली होती. आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. चार फेऱ्या विज्ञानाच्या झाल्या आणि मुलांना जरा मोकळे वाटावे म्हणून पाचवी फेरी ‘आर्ची’च्या चित्रकथांवर घेतली गेली. ‘‘जगहेडचे खरे नाव काय?’’ या प्रश्नाला आठवीतल्या एका मुलीने एका दमात उत्तर दिले, ‘‘फोर्सिथ पेंडल्टन जोन्स, तिसरा.’’ टाळ्यांनी वर्ग दणाणला. मुख्याध्यापक वेदरबी यांचे पहिले नाव वॉल्डो, ग्रंडीबाईंचे जेराल्डाइन, दांडग्या मूसचे मार्माड्यूक, ही उत्तरेही बिनचूक आली. फेरी संपल्यावर आम्ही सहज विचारले, ‘‘या जगहेडच्या डोक्यावर असते ते काय?’’ ‘‘मुकुट.’’ ‘‘शाळेत जाणारा मुलगा मुकुट कशाला घालेल?’’ यावर सगळे गट एकमेकांकडे पाहू लागले.

अशा फुटकळ माहितीला इंग्रजीत ‘ट्रिव्हिया’ म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन आणि त्याचा अर्थ आपल्या कोकणातल्या वाचकाला चटकन कळेल असा आहे. तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणजे तिठा. तिठ्यावर उभ्या उभ्या मारायच्या गप्पा त्या ट्रिव्हिया. गप्पांना आमची हरकत नाही. पण तिठ्यावरून पुढे वाटाही फुटतात, आणि प्रश्नमंजूषेतले मूल ‘बरोबर, दहा गुण’ ऐकून तिथेच थांबते. या लेखात आम्ही आर्चीच्या पात्रांविषयीची अशीच काही फुटकळ माहिती घेऊन थोडे पुढे चालून पाहणार आहोत. पुढे गेल्यावर या मालिकेबद्दल आमचे मत आम्हांला काहीसे बदलावे लागले, तेही सांगू.

ज्या वाचकांचा या मंडळींशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्ची अँड्र्यूज हा तांबड्या केसांचा शाळकरी मुलगा अमेरिकेतील ‘पेप कॉमिक्स’च्या २२ व्या अंकात प्रथम अवतरला. अंकावर तारीख होती डिसेंबर १९४१ ची. चित्रकार बॉब मोंटाना. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हेव्हरिल येथील शाळेत मोंटाना शिकला होता आणि तिथल्या आठवणी त्याने रिव्हरडेल नावाच्या काल्पनिक गावात ओतल्या. पहिल्याच गोष्टीत बेटी आणि जगहेड होते. श्रीमंत बापाची लेक व्हेरॉनिका १९४२ मध्ये आली. प्रकाशनसंस्था तोवर महाबलाढ्य वीरांच्या कथा छापत असे. पण या पोरांनी वीरांना असे मागे टाकले की १९४६ साली संस्थेने स्वतःचे नावच बदलून आर्चीचे घेतले. आपल्याकडे १९८० आणि ९० च्या दशकांत शहरांतली भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये आणि पदपथावरची जुन्या पुस्तकांची दुकाने या जाडजूड, लहान आकाराच्या अंकांनी भरलेली असत. मराठी घरातल्या कितीतरी मुलामुलींचे इंग्रजी वाचन तिथून सुरू झाले. आजच्या मुलांना ही नावे ठाऊक आहेत ती बहुधा २०१७ ते २०२३ या काळातल्या ‘रिव्हरडेल’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे, किंवा झोया अख्तर यांच्या २०२३ च्या हिंदी चित्रपटामुळे. त्या चित्रपटात रिव्हरडेल हे १९६० च्या दशकातले अँग्लो-इंडियन वस्तीचे गाव झाले आहे.

आता जगहेडची टोपी. ती मुकुट नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील पोरे वडील माणसांची जुनी, टाकून दिलेली फेल्ट हॅट घेत, तिचा काठ वर दुमडत आणि कात्रीने करवतीच्या दात्यांसारखा कापत. वर बाटल्यांची बुचे, बिल्ले, गुंड्या टोचत. कारखान्यात आणि मोटारींच्या दुरुस्तीच्या कामावर असलेले लोकही अशी टोपी घालत, म्हणजे केसांना तेलकट काजळी लागत नसे आणि ते यंत्रातही अडकत नसत. १९४१ च्या वाचकाला ही टोपी पाहताच ओळखू आली असणार, कारण शेजारच्या पोराच्या डोक्यावरही तीच होती. पुढे फॅशन गेली. टोपी मात्र जगहेडच्या डोक्यावर राहिली आणि तिचा अर्थ हरवला. आपल्या कानांभोवती कान हलवण्याचे स्नायू असतात. मांजराला ते उपयोगी पडतात, आपल्याला फारसे नाही, तरी ते आहेत. अवशिष्ट अवयव शिकवताना शिक्षकांनी या स्नायूंशेजारी जगहेडची टोपी ठेवून पाहावी. उपमा म्हणून ती चालते, मात्र एका अटीवर. स्नायू टिकले ते वंशपरंपरेने आणि टोपी टिकली ती चित्रकारांच्या सवयीने, हा फरक वर्गात सांगायला विसरू नये.

दुसरी गंमत बेटी आणि व्हेरॉनिकाची. या दोघींचे चेहरे, बांधा, डोळे, ओठ सारे एकच आहे. एक सोनेरी केसांची, दुसरी काळ्या. १९५० नंतर डॅन डीकार्लो या चित्रकाराने जी धाटणी रूढ केली तिच्यात तर केस झाकले की कोण कोणती ते सांगता येत नाही. मुलांना हे करून पाहायला फार आवडते: कागदाच्या पट्टीने केस झाका आणि ओळखा. एक घटक बदला, बाकीचे स्थिर ठेवा, असे आपण प्रयोगाच्या तासाला घसा फोडून सांगतो. इथे एका चित्रकाराने तसे करून ठेवले आहे आणि वाचक गेली कित्येक दशके ‘बेटी बरी की व्हेरॉनिका’ म्हणून भांडत आहेत! जी निवड आर्चीला इतकी वर्षे जमलेली नाही ती चेहऱ्यांमधली नाहीच. एकीचे वडील गडगंज आहेत आणि दुसरी स्वतःच्या हाताने मोटार दुरुस्त करते. फरक आहे तो एवढाच.

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेता येते. आमचे पाऊल अडखळले ते मूस आणि डिल्टनपाशी.

मूस मेसन हा रिव्हरडेल शाळेचा सर्वांत धिप्पाड विद्यार्थी. सगळ्या खेळांत पहिला आणि अभ्यासात शेवटचा. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला तोंडातून ‘ड-अ-ह’ असा मंद सूर काढणारा. त्याच्या मिज या मैत्रिणीकडे कोणी पाहिले की त्या मुलाची हाडे खिळखिळी झालीच म्हणून समजा. डिल्टन डॉयली हा त्याच्या बरोबर उलट. वर्गात सर्वांत बुटका, जाड भिंगांचा चष्मा, आणि डोके असे की घराच्या खोलीत यंत्रमानव बनवून मोकळा. नावेही पाहा. मूस हे एका प्रचंड हरणाचे नाव, आणि डॉयली म्हटले की इंग्रजी कानाला पेल्याखाली ठेवायची नाजूक जाळीची चकती आठवते. दोघे एकमेकांचे दोस्त आहेत, आणि चौकटीत शेजारी उभे राहिले की न वाचताच हसू येते. चित्रकाराचे काम फत्ते झाले.

पण या चौकटीत एक विधान दडलेले आहे. निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो, ज्याला शरीर दिले त्याला बुद्धी नाही, ज्याला बुद्धी दिली त्याला उंची नाही, असे ते विधान. आपल्याकडेही ‘अंगाने वाढला, अकलेने नाही’ हे वाक्य न ऐकलेला शिक्षक विरळा. विधान आहे म्हटल्यावर ते तपासता आले पाहिजे, आणि ते तपासले गेलेले आहे. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात बुद्धिमापन चाचणीत फार वरचे गुण मिळवणारी सुमारे १,५०० मुले निवडली आणि त्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. ही मुले काटकुळी, रोगट असतील अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. मोजमापे घेतली तेव्हा ती सरासरीपेक्षा किंचित उंच आणि अधिक निरोगी निघाली. यावरून उंची वाढली की बुद्धी वाढते असे मात्र कोणी समजू नये. टर्मनची मुले बहुतांशी सुस्थितीतल्या घरांतली होती, आणि पोटभर सकस अन्न मिळाले तर उंची व अभ्यास दोन्ही सुधारतात. शिवाय पहिली निवड शिक्षकांच्या शिफारशीवर झाली होती, हेही लक्षात ठेवावे. (जाता जाता तिठ्यावरची एक गोष्ट: विल्यम शॉकली आणि लुई अल्व्हारेझ ही दोन मुले या चाचणीत उत्तीर्ण न झाल्यामुळे वगळली गेली. पहिल्याला १९५६ चे आणि दुसऱ्याला १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) एवढे मात्र म्हणता येते, की डिल्टनच्या बुटकेपणाला आणि मूसच्या आडमाप देहाला निसर्गात कोणताही आधार नाही.

चष्म्याचे तसे नाही. इथे चित्रकाराने नेमके हेरले आहे. जास्त शिकलेल्यांत ऱ्हस्वदृष्टी अधिक आढळते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. प्रश्न असा की कारण कोणते आणि परिणाम कोणता? डोळे अधू म्हणून मूल पुस्तकात रमते, की पुस्तकात रमल्याने डोळे अधू होतात? २०१८ साली ब्रिटनमधील सुमारे ६८ हजार प्रौढांच्या जनुकीय माहितीच्या आधारे याचा छडा लावण्यात आला. शिक्षणाचे प्रत्येक जादा वर्ष नजर सरासरी पाव डायॉप्टरने ऱ्हस्वतेकडे ढकलते असे दिसले, उलट दिशेने मात्र पुरावा मिळाला नाही. मोकळ्या उजेडात कमी वेळ जाणे हे यामागचे एक मोठे कारण मानले जाते. म्हणजे डिल्टन चष्मा लागल्यामुळे हुशार झालेला नाही. तो बारा महिने खोलीत बसून राहिला म्हणून त्याला चष्मा लागला असावा. त्याला संध्याकाळी मूसबरोबर मैदानावर पाठवायला हवे होते.

आता मूसकडे वळू. आर्चीच्या रसिकांनाही बहुधा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे मालिकेतील नंतरच्या एका कथेत मूसच्या नापास होण्याचे कारण सापडते. त्याला वाचन-अक्षमता आहे, जिला आपण डिस्लेक्सिया म्हणतो. ही कथा आम्हांला कळली तेव्हा आम्ही थोडे चरकलोच. कारण मग मागच्या सगळ्या अंकांतल्या विनोदांचे काय? इतकी वर्षे आपण कशाला हसत होतो?

डिस्लेक्सियाचा बुद्धीच्या पातळीशी संबंध नाही. अडचण बहुतेक वेळा शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. गोष्ट तोंडी विचाराल तर मूल रंगवून सांगते. वाचायला द्याल तर पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज बांधते, ओळ सोडते, घामाघूम होते. आपल्या लिपीच्या स्वतःच्या अडचणी वेगळ्या. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी येते आणि उच्चारात इ नंतर येते. जोडाक्षरात अर्धे अक्षर कधी खाली लोंबते, कधी डाव्या बाजूला चिकटते. ‘र’ तर कधी रफार होऊन डोक्यावर बसतो, कधी पोटात शिरतो. वाचणाऱ्याला हे सारे अंगवळणी पडलेले असते, अडखळणाऱ्याला रोज नवे असते. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती १९९० च्या दशकात सुरू झाल्या. पण सवलत मिळण्याआधी कोणीतरी मुलाला ओळखावे लागते, आणि ओळखणारा माणूस बहुधा वर्गशिक्षकच असतो.

हे लिहिताना एक कबुली दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात असाच एक अंगापिंडाने थोराड मुलगा होता. मागच्या बाकावर बसे. आर्चीचे अंक वर्गात फिरत होते, त्यामुळे मुलांनी त्याला मूस म्हणायला सुरुवात केली, आणि एक दिवस हजेरी घेताना आम्हीही म्हणालो. वर्ग खो खो हसला. तोही हसला. प्रयोगवहीत ‘कृती’ म्हणून तो चार ओळी लिहून आणी त्या शेजाऱ्याच्या असत, हे दिसत होते. पण प्रयोगशाळेतला स्प्रिंग-काटा अडकला की आम्ही त्यालाच हाक मारत असू आणि तो काटा खोलून, पुसून, शून्यावर आणून देई. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात असे आम्हांला वर्षभरात सुचले नाही. दहावीनंतर तो कुठे गेला ते कळले नाही. त्याला डिस्लेक्सिया होता की नाही हे आज सांगता येणार नाही. त्याची तपासणी कोणी केली नाही, आणि ती करायला हवी असे आम्हांला वाटलेही नाही. आमच्यापाशी त्याचे उत्तर तयार होते. तो मूस होता.

म्हणून मालिकेवरचा आमचा आक्षेप विनोदाबद्दल नाही. त्या एका कथेनंतरही मूस पहिल्यासारखाच ‘ड-अ-ह’ करत राहिला, हा आमचा आक्षेप आहे. कथेला शोध लागला, पण तो पुढच्या अंकापर्यंत पोचला नाही. विज्ञानात असे चालत नाही. एक गोष्ट कळली की तिच्यामुळे मागचे सगळे पुन्हा वाचावे लागते. रिव्हरडेलमध्ये कोणी काही शिकत नाही, कारण तिथे काळ पुढे सरकत नाही. आर्ची १९४१ पासून शाळेतच आहे. एरवी हे या मालिकेचे बलस्थान. कोणताही अंक कुठूनही उघडा, सारे ओळखीचे असते. तापाने अंथरुणात पडलेल्या मुलाला याहून चांगली सोबत नाही, असे आमचे आजही मत आहे.

याच न बदलण्याचा फटका तिथल्या विज्ञानाला बसला आहे. प्राध्यापक फ्लूटस्नूट यांच्या प्रयोगशाळेत आर्ची शिरला की धूर, धमाका आणि काळवंडलेले चेहरे ठरलेले. डिल्टनकडे गेलो तर यंत्र आधीच तयार असते. हातून चुका होत, नोंदी घेत, पुन्हा मोजत एखादी गोष्ट हळूहळू समजत जाणे या दोन टोकांच्या मध्ये येतच नाही. विज्ञान म्हणजे एक तर अपघात किंवा जादू. आमच्या मते रिव्हरडेलमध्ये खरी निरीक्षणशक्ती आहे ती जगहेडकडे. डोळे अर्धवट मिटून तो सगळ्यांकडे पाहत असतो, पुढे काय घडणार ते आधीच सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरे ठरते. पण त्याच्या हाती बर्गर असते, परीक्षानळी नसते, म्हणून त्याला कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही.

मुलांच्या मनातला शास्त्रज्ञ कसा असतो, याचाही अभ्यास झालेला आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ४,८०७ मुलांनी काढलेली शास्त्रज्ञाची चित्रे तपासली होती. पांढरा कोट, चष्मा, दाढी, नळ्या-चंबू या खुणा इयत्तेगणिक वाढत गेलेल्या दिसल्या. स्त्री शास्त्रज्ञ काढली होती फक्त २८ मुलांनी, आणि त्या सगळ्या मुलीच होत्या. अमेरिकेतील अशा ७८ अभ्यासांचा २०१८ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात १९८५ नंतरच्या चित्रांत स्त्रियांचे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. चित्र बदलते, पण सावकाश. मोटारीचे इंजिन उघडून बसणारी बेटी रिव्हरडेलमध्ये दशकानुदशके आहे. तरी ‘शाळेतली शास्त्रज्ञ व्यक्ती’ म्हटल्यावर नाव येते ते डिल्टनचे.

या सगळ्याचा दोष चित्रकथांच्या माथी मारावा असे कोणाला वाटल्यास त्यालाही एक जुनी हकिकत सांगितली पाहिजे. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्दम या मनोविकारतज्ज्ञाने पुस्तक लिहून चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा गहजब केला. अमेरिकेत चौकशा झाल्या, प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता घालून घेतली. त्या प्रकाशकसंघाचे अध्यक्ष आर्चीच्या संस्थापकांपैकी एक, जॉन गोल्डवॉटर, हेच होते. भयकथा आणि गुन्हेकथांचे अंक बंद पडले, पण सोज्वळ आर्चीला धक्का लागला नाही. वर्दम यांची कागदपत्रे पुढे अभ्यासकांना खुली झाली तेव्हा कॅरोल टिली यांनी ती तपासली आणि २०१२ साली दाखवून दिले, की त्यांनी मुलांच्या मुलाखतींत फेरफार केले होते, वाक्ये गाळली होती, दोघांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले होते. हेतू चांगला होता म्हणून पुरावा चांगला ठरत नाही. तेव्हा आर्ची वाचून मुले दांडग्यांना ढ समजू लागतात असे आम्ही म्हणत नाही, तसा पुरावा आमच्यापाशी नाही. आम्ही आमच्यापुरते बोलत आहोत. ढ हा शब्द आमच्याकडे आधीच होता, मालिकेने त्याला चेहरा दिला.

शिक्षकमित्रांनी हे अंक कपाटात कुलूपबंद करू नयेत अशी आमची विनंती आहे. एखादा तास त्यांना द्यावा. मूसची दहा चित्रे घ्यायला सांगावीत. त्यांतल्या किती चित्रांत त्याच्या हातात पुस्तक आहे, किती वेळा कोणी त्याला काही समजावून सांगत आहे, किती वेळा तो स्वतः काही दुरुस्त करतो आहे, हे मुलांनी मोजून तक्त्यात मांडावे. पाठ्यपुस्तकातील चित्रांवर हाच प्रयोग केला तर आणखी मजा येईल, कदाचित थोडा त्रासही होईल.

त्या विज्ञान मंडळाने यंदाही आम्हांला बोलावले. पाचव्या फेरीचे प्रश्न आम्हीच काढू, अशी अट घातली आणि नावांऐवजी एकच लेखी प्रश्न दिला: मूस ढ का आहे? कोणी लिहिले, तो सारखा फुटबॉल खेळतो म्हणून. कोणी लिहिले, मेंदू लहान असल्यामुळे. दोघांनी डिस्लेक्सिया लिहिले, तेही अशुद्ध. आणि एका चिठ्ठीवर एवढेच होते: ‘‘तो तसा नाही, त्याला तसा काढला आहे.’’ तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यापुढे प्रश्नचिन्ह केले होते, कारण नमुना उत्तरांत ते बसत नव्हते. आमचा बराच वाद झाला. शेवटी त्या मुलाला दहापैकी आठ गुण मिळाले. दोन कशाचे कापले ते आम्हांला अजून समजलेले नाही.